नवकम्म आणि भंडागार : वास्तूची दुरुस्ती व संग्रहाचे रक्षण

जुनी इमारत दुरुस्त करावयाची झाली म्हणजे प्रथम पैशाचा प्रश्न निघतो, मग आराखड्याचा, मग कंत्राटदाराचा. इमारतीच्या आत वर्षानुवर्षे जे साठत आलेले असते त्याचे, काम चालू असताना, काय करावयाचे हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो. कित्येकदा तो निघतच नाही आणि भिंती पाडण्याच्या आदल्या दिवशी कपाटे उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली जातात. संग्रहालय असो, ग्रंथालय असो की आपल्या वस्तीतील विहार असो, अनुभव सारखाच. वास्तविक या प्रश्नाचा विचार भिक्खुसंघाने फार पूर्वी केलेला असून त्यासंबंधीचे नियम विनयपिटकात नोंदलेले आहेत. त्या नियमांचा परिचय करून देणे, महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचा आशय कोठे पाळला गेला व कोठे मोडला गेला हे पाहणे, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील विहारांच्या पुनर्बांधणीकडे त्या दृष्टीने पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात एका दरिद्री शिंप्याची कथा आली आहे. वैशालीतील लोक संघासाठी बांधकामे करून देत होते आणि भिक्खू त्यांच्या कामावर देखरेख ठेवीत होते. ते पाहून या शिंप्यालाही संघासाठी एक वास्तू बांधावी असे वाटले. त्याने स्वतःच चिखल तुडविला, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण त्याला त्या कामाची जाण नव्हती. भिंत वाकडी आली आणि कोसळली. दुसऱ्यांदा कोसळली, तिसऱ्यांदाही कोसळली. तेव्हा तो संतापून म्हणू लागला की, जे या श्रमणांना चीवर, भोजन व औषधे देतात त्यांना हे उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर लक्ष ठेवतात. मी गरीब, म्हणून माझ्याकडे कोणी फिरकत नाही. ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली, आणि बांधकामाची जबाबदारी, म्हणजे ‘नवकम्म’, एखाद्या भिक्खूकडे रीतसर सोपविण्याची अनुज्ञा त्यांनी दिली. अशा नवकम्मिक भिक्खूने विहार लवकर पुरा कसा होईल हे पाहावे आणि जे तुटले-फुटले असेल त्याची दुरुस्ती करावी, असे त्याचे कर्तव्य ठरले. संघात नवकम्मिकाचे पद निर्माण झाले ते एका गरीब कारागिराच्या रास्त तक्रारीतून, ही गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

पुढील नियम अधिकच व्यावहारिक आहेत. केवळ भिंत लिंपणे, दार बसविणे, खिडकी लावणे किंवा चुना देणे एवढ्यासाठी नवकम्म देऊ नये. वीस वर्षे, तीस वर्षे किंवा आयुष्यभरासाठी ते कोणाच्या हाती देऊ नये. कामाची पाहणी करून लहान विहारासाठी ५-६ वर्षे, अड्ढयोग या प्रकारच्या वास्तूसाठी ७-८ वर्षे आणि मोठ्या विहारासाठी किंवा प्रासादासाठी १०-१२ वर्षे अशी मुदत घालून द्यावी. म्हणजे मोठ्या वास्तूचे काम एका वर्षावासात उरकण्याचे नसते हे त्या काळीही मान्य होते. एखाद्या उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मागाहून काम धावडविण्याची आपली रीत या नियमांत कोठेच बसत नाही.

मुख्य मुद्दा यानंतर येतो. एका उपासकाने आपल्या विहारासाठी दिलेली आसने भिक्खू दुसरीकडे नेऊन वापरू लागले, तेव्हा त्या उपासकाने हरकत घेतली. त्यावरून नियम झाला की, एका ठिकाणच्या उपयोगासाठी दिलेले दुसऱ्या ठिकाणी वापरू नये. पण प्रत्येक नियमाला प्रसंग परीक्षा घेतो. संघाचा महाविहार मोडकळीस आला आणि भिक्खू नियमाच्या धाकाने आतले सामान हलवायला कचरू लागले. छप्पर पडण्याच्या बेतात, आणि वस्तू तेथेच! तेव्हा ‘गुत्तत्थाय’, म्हणजे रक्षणासाठी, सामान हलविण्याची अनुज्ञा देण्यात आली. या दोन नियमांच्या मधोमध संग्रहालयशास्त्राचे एक मोठे तत्त्व उभे आहे. वस्तू जिथली तिथेच राहावी. ती हलवायची तर केवळ तिच्या रक्षणासाठी.

वस्तू हलवायची म्हटल्यावर ती सांभाळणारा कोण, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर महावग्गाच्या चीवरक्खंधकात आहे. भिक्खू चीवरे मंडपात, झाडाखाली, मिळेल त्या आडोशाला ठेवीत आणि ती उंदीर व वाळवी खाऊन टाकीत. म्हणून ‘भंडागार’ ठरविण्याची अनुज्ञा झाली. विहार, प्रासाद, गुहा यांपैकी संघाला योग्य वाटेल ती जागा. भंडागारावर नेमावयाच्या भंडागारिकासाठी पाच अंगे सांगितली आहेत. तो आवडीनिवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वागणारा नसावा, आणि काय सुरक्षित आहे व काय नाही हे त्याला कळावे. षड्वर्गीय भिक्खूंनी एकदा भंडागारिकाला जागेवरून उठवून लावले, तेव्हा त्याला असे उठवू नये असाही नियम झाला. नवकम्मिक आणि भंडागारिक ही दोन पदे विनयात स्वतंत्र आहेत, दोघांचीही नेमणूक संघाच्या संमतीने होते. बांधणाऱ्याची दृष्टी वास्तूवर असते, सांभाळणाऱ्याची वस्तूवर. दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात घातली तर वस्तूंकडे दुर्लक्ष होणार, हे ओळखूनच ही विभागणी झाली असावी असे मला वाटते.

हे सारे केवळ ग्रंथात राहिले असे नाही. भरहुतच्या एका लेखात इसिपालित नावाच्या भदंताचे दान नोंदलेले असून तो ‘भाणक’ आणि ‘नवकमिक’ होता असे म्हटले आहे. बुद्धवचन मुखोद्गत करून सांभाळणारा भिक्खूच येथे स्तूपाच्या कामावर देखरेख करीत होता. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखातही नवकर्मिकाचा उल्लेख आहे. त्याच कान्हेरीत शक ७६५, म्हणजे इ.स. ८४३ मधील, शिलाहार राजा पुल्लशक्तीच्या काळचा लेख आहे. त्यातील दानात विहाराच्या डागडुजीसाठी, भिक्खूंच्या वस्त्रांसाठी आणि ग्रंथांसाठी द्रम्मांची वेगवेगळी तरतूद आढळते. वास्तूचा पैसा वेगळा, ग्रंथांचा वेगळा. बाराशे वर्षांपूर्वीच्या कोकणातील दात्याला जे सुचले ते आजच्या अंदाजपत्रकांत क्वचितच दिसते.

याहून बोलका पुरावा सोपाऱ्याचा. इ.स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपारा येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या गर्भात एक दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, अशी रचना होती. सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे १३ तुकडे आणि सोन्याची फुले होती. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या : सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. नाणे दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे, तर मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकातील, असे अभ्यासकांचे मत आहे. याचा अर्थ असा की, सुमारे सहाशे वर्षांनी कोणीतरी तो स्तूप उघडला, त्याची दुरुस्ती केली, आतील करंडक होते तसेच राखले, भोवती आपल्या काळच्या मूर्ती ठेवल्या आणि पेटी पुन्हा बंद केली. ते तुकडे प्रत्यक्ष तथागतांच्या पात्राचे होते की नाही याचा निर्णय इतिहास करू शकत नाही. तथापि सोन्याचा करंडक हाती आला असताना जुने ठेवे जसेच्या तसे परत ठेवणारा तो अनामिक नवकम्मिक आपल्या कर्तव्याला जागला, एवढे निश्चित म्हणता येते.

सोपाऱ्याचा हा ठेवा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आला. त्याच टाउन हॉलशी आधुनिक महाराष्ट्रातील संग्रहरक्षणाची पहिली दुर्घटनाही जोडलेली आहे, आणि ती एका संग्रहालयाची आहे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर अशा वस्तूंचा संग्रह मुंबईतही असावा असा विचार झाला व कोटातील लष्करी बराकीत एक संग्रहालय सुरू झाले. १८५७ च्या उठावाच्या वेळी लष्कराला जागा हवी झाली. संग्रह घाईघाईने बाहेर काढून टाउन हॉलमध्ये नेण्यात आला आणि त्या धांदलीत बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. वस्तू हलविल्या गेल्या हे खरे, परंतु ते हलविणे ‘गुत्तत्थाय’ नव्हते. जागा रिकामी करण्यासाठी होते. विनयाने केलेला सूक्ष्म भेद येथे पैशाच्या आणि वस्तूंच्या नुकसानीत मोजता येतो.

त्या उरल्यासुरल्या संग्रहातून जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या प्रयत्नांनी नवे संग्रहालय उभे राहिले. भायखळ्याला, पुढे राणीची बाग म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्यानात, १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे त्याचे मूळ नाव १९७५ मध्ये बदलून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे झाले. हे नाव बौद्धविद्येच्या अभ्यासकाला परके नाही. भाऊ दाजी हे धंद्याने डॉक्टर, पण अजिंठ्याचे आणि पश्चिम भारतातील अन्य लेण्यांचे शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या भारतीय विद्वानांपैकी एक. भगवानलाल इंद्रजी हे त्यांचेच सहकारी. भाऊ दाजींसाठी ते वर्षानुवर्षे गावोगाव फिरून लेखांचे ठसे घेत होते. सोपाऱ्याच्या शोधामागे ही तयारी होती.

शंभर वर्षांत भायखळ्याच्या वास्तूची जी दशा झाली ती समुद्रकाठच्या शहरातील कोणत्याही जुन्या इमारतीची होते. छप्पर गळू लागले, भिंतींना ओल धरली, रंगाचे पोपडे सुटले, लोखंडाला गंज चढला. येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे जरूर आहे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि सोडतोही. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि भिंत आतून भुसभुशीत होते. त्या ओलीचा पहिला बळी भिंत नव्हे, तर भिंतीला टेकून ठेवलेले कपाट आणि त्यातले कागद, कापड व लाकूड. म्हणून वास्तूची चुकीची दुरुस्ती ही संग्रहाचीही हानी असते.

२००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. (ज्या उद्योगसमूहाचे नाव या फाउंडेशनला आहे त्याच्या आकुर्डीच्या कारखान्यात आपल्या कित्येक वाचकांच्या वडिलांनी पाळ्या केल्या आहेत, म्हणून हा उल्लेख.) संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी वास्तूचे काम पाहिले, तस्नीम झकारिया मेहता यांनी संपूर्ण प्रकल्पाचे आणि संग्रहाचे नेतृत्व केले. वास्तू आणि वस्तू ही दोन कामे एकाच प्रकल्पात, पण स्वतंत्र जाणकारांच्या हाती दिली गेली. मातीच्या प्रतिकृती, धातूची भांडी, हस्तिदंती काम, जुने नकाशे व छायाचित्रे यांच्यावर द्रव्यानुसार वेगवेगळे उपचार झाले. वास्तूतील ओतीव लोखंडाचे खांब, मिंटन फरशी आणि सागवानी कपाटे यांनाही संग्रहाचाच भाग मानले गेले. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. त्यानंतरही वास्तूला दुरुस्ती लागली, ती पुन्हा बंद ठेवावी लागली आणि २०२५ मध्ये परत खुली झाली. याला कोणी अपयश म्हणू नये. नवकम्माला मुदत असते ती याचसाठी. एक मुदत संपली की वास्तूची पुन्हा पाहणी करावयाची असते.

भायखळ्याच्या उदाहरणाने समाधान मानावे, तर आपल्याच घरातली एक जखम आठवते. दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या निवासस्थानी बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले. १९६० च्या दशकात त्या घराचा ताबा घेतला जात असताना तेथील कागदपत्रे अंगणात टाकली गेली आणि पावसात भिजून त्यांपैकी बरीच नष्ट झाली. पुढे उरलेले कागद ट्रंकांतून सरकारी ताब्यात राहिले. ते मिळविण्यासाठी खटपट करावी लागली, आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. आज आपण जे खंड संदर्भासाठी उघडतो ते भिजण्यातून वाचलेल्या कागदांचे आहेत. न वाचलेल्या कागदांत काय होते हे कोणालाही कधी सांगता येणार नाही. अलीपूर रोडच्या जागेवर २०१८ मध्ये उघडलेली संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराची स्मारकवास्तू भव्य आहे. परंतु तिच्यात ती पाने नाहीत.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेपूर्वी जवळजवळ दोन वर्षे! तेथून हाकेच्या अंतरावर शेलारवाडीची, म्हणजे घोरवडेश्वराची, लेणी आहेत. तेथील एका लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाच्या पत्नीने, सियगुटनिकेने, आपला मुलगा नंद याच्यासह लेणे दान दिल्याचे म्हटले आहे. शेतकरी घरातील एका स्त्रीचे नाव अठराशे वर्षे टिकले, कारण ते कातळात कोरले गेले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी १९५४ नंतर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पुढे साठीच्या दशकापासून औद्योगिक वसाहत, आणि आणखी पुढे चाकणचे कारखाने आले. विदर्भ-मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, आलेल्या कामगारांनी वस्त्या वसविल्या आणि वर्गणीतून पत्र्याच्या छपराचे विहार उभे केले. त्यांची नावे कातळात नाहीत. ती पावतीपुस्तकांत आहेत, दीक्षासमारंभाच्या नोंदवह्यांत आहेत, वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या हजेरीपटांत आहेत, जयंतीच्या मिरवणुकीच्या फिकट छायाचित्रांत आहेत.

आज हे पत्र्याचे विहार पाडून त्या जागी स्लॅबचे दुमजली विहार होत आहेत. हे होणे आनंदाचेच आहे. परंतु एका वस्तीत, नाव घेण्याचे कारण नाही, नव्या विहाराचे काम दीड वर्ष चालले त्या अवधीत जुनी ट्रंक तीन घरे फिरली आणि शेवटी पावसाळ्यात एका गच्चीवर राहिली. उघडली तेव्हा नोंदवह्यांची पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला होता. समितीतील मंडळी प्रामाणिक होती. बांधकामाच्या सिमेंटचा एकेका गोणीचा हिशेब त्यांनी चोख ठेवला होता. त्यांच्यात नवकम्मिक होता, भंडागारिक नव्हता.

याला मोठा खर्च लागत नाही, हे अनुभवावरून सांगतो. काम ठरताच, आराखडा मंजूर होण्याच्याही आधी, विहारातील प्रत्येक वस्तूची यादी करावी. वस्तूवर शाईने लिहू नये. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने क्रमांक घालून ती सोबत ठेवावी. यादीच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी असाव्यात. प्रत्येक वस्तूचे जागेवरच छायाचित्र घ्यावे. हल्ली खिशातल्या फोनने ते सहज होते. कागद कोरड्या मऊ ब्रशने झाडून, बंद प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता, सुती कापडात किंवा जाड कागदात गुंडाळून, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते. जुनी प्रमाणपत्रे व छायाचित्रे लॅमिनेशन करून ‘कायमची सुरक्षित’ करण्याचा मोह मुळीच धरू नये. उष्णतेने चिकटविलेले ते आवरण पुन्हा निघत नाही आणि आतला कागद त्याच्याबरोबर जातो. पितळी व कांस्य मूर्तींना चिंच किंवा राख लावून लखलखीत करण्यात त्यांचे वय आणि कधीकधी पीठावरचा लेखही पुसला जातो. आणि छप्पर उतरविण्याचे काम मृगापूर्वीच्या आठवड्यात तर कधीच काढू नये.

सर्वांत महत्त्वाची नेमणूक. विहार समितीच्या ठरावात बांधकामाच्या प्रमुखाचे नाव असते, त्याच्याच खाली संग्रह सांभाळणाऱ्या व्यक्तीचेही नाव यावे. ही व्यक्ती उपासिका असेल तर अधिक बरे. आमच्या वस्त्यांत जुन्या ट्रंका आजवर ज्यांनी टिकविल्या त्या बहुधा महिला मंडळातील ज्येष्ठ भगिनी आहेत आणि कोणत्या छायाचित्रात कोण उभे आहे हे त्यांनाच ठाऊक आहे. ती माहिती त्या हयात असेपर्यंत लिहून घेतली पाहिजे, कारण नावे नसलेले छायाचित्र हे अर्धेच दस्तऐवज असते. समिती बदलली, पक्ष बदलला, गट फुटला तरी या व्यक्तीला मध्येच उठवू नये, वस्तू जिथे सुरक्षित आहेत तिथून कोणी हौसेने हलवू नयेत. नव्या विहाराच्या आराखड्यात भंडागाराची एक खोली आरंभापासून धरावी : पहिल्या मजल्यावर, नळाच्या व शौचालयाच्या भिंतीपासून दूर, पश्चिमेच्या पावसाची झड न येणाऱ्या बाजूला. जिन्याखालची जागा त्यासाठी राखून ठेवण्याची जी प्रथा पडली आहे ती सोडावी. तेथे ओल असते, अंधार असतो, आणि लवकरच तेथे रंगाचे डबे व मांडवाच्या कनाती येऊन पडतात.